रो-रो : भिंत नसलेल्या जहाजाची गोष्ट

कोकण रेल्वेच्या मार्गालगत राहणाऱ्या वाचकांच्या ओळखीचे एक दृश्य आहे. सपाट वाघिणींची लांबलचक मालगाडी आणि प्रत्येक वाघिणीवर माल भरलेला ट्रक. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर बसलेले असतात. ट्रक चालत नाही, पण मुक्कामाकडे सरकतो आहे. १९९९ च्या जानेवारीत कोलाड ते गोव्यातील वेर्णा या टप्प्यावर ही सेवा सुरू झाली आणि 'रो-रो' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला. 'रोल ऑन, रोल ऑफ' याचे हे लघुरूप. माल क्रेनने उचलायचा नाही, हमालांनी उतरवायचा नाही; चाकांवर आत जायचे आणि चाकांवरच बाहेर यायचे.

रेल्वेने हा शब्द समुद्रावरून उसना घेतला आहे. ज्या देशांच्या मध्ये समुद्र आडवा येतो तिथे ट्रकच्या ट्रक पोटात घेऊन रात्रभर प्रवास करणाऱ्या फेरीबोटी गेली कित्येक दशके चालत आहेत. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, एड्रियाटिक समुद्र हे त्यांचे मुख्य प्रदेश. या बोटींच्या इतिहासात विज्ञानशिक्षकाला सांगण्याजोगे पुष्कळ आहे. पण तो सांगताना आपण बहुधा जहाजे, कंपन्या आणि नियम यांच्याबद्दलच बोलतो. त्या ट्रकबरोबर बोटीत चढलेला ड्रायव्हर गोष्टीतून निसटतो. या लेखात आपण त्याला गोष्टीच्या मध्यभागी ठेवू या.

ड्रायव्हरची रात्र

संध्याकाळची वेळ आहे. बंदराच्या आवारात ट्रकच्या रांगा लागल्या आहेत. वजन झाले, कागद तपासून झाले. बोटीचे मागचे किंवा पुढचे भलेमोठे दार उघडले आहे आणि हातात दिवा घेतलेला खलाशी एकेक ट्रक आत घेतो आहे. आत म्हणजे एका लांबरुंद लोखंडी बोगद्यात. चाळीस टनांचा ट्रक शेजारच्या ट्रकला जेमतेम माणूस जाईल एवढी जागा सोडून उभा करायचा, हँडब्रेक ओढायचा, ट्रक गिअरमध्ये ठेवायचा आणि उतरायचे. मग खलाशी साखळ्या घेऊन येतात आणि चेसिसला अडकवून ट्रक डेकला जखडतात.

साखळ्या कशासाठी? अकरावीच्या मुलांना उतारावरील वस्तूचे गणित येते. उताराच्या दिशेने खेचणारे बल म्हणजे वजन गुणिले कोनाची साइन. जहाज १५ अंशांनी कलले की ४० टनांचा ट्रक सुमारे १० टनांच्या जोराने खालच्या बाजूला ओढला जातो. ३० अंशांनी कलले की २० टनांच्या जोराने. शिवाय ट्रक काही दगडासारखा बसलेला नसतो. तो टायरवर आणि स्प्रिंगवर उभा असतो. जहाज डुलले की तो स्वतःही डुलतो. त्यामुळे साखळी एका बाजूला सैल पडते आणि पुढच्याच क्षणी हिसका बसून ताणली जाते. साखळ्या तुटतात त्या पुष्कळदा अशा हिसक्याने.

ट्रक जखडला की ड्रायव्हर हातात लहानशी पिशवी घेऊन जिने चढून वर जातो. डेकचा क्रमांक लक्षात ठेवायचा, कारण सकाळी शेकडो वाहनांत आपला ट्रक शोधायचा असतो. वर बऱ्याच बोटींवर ट्रकवाल्यांसाठी वेगळी खोली असते, जेवण मालवाहतुकीच्या तिकिटातच धरलेले असते. एका टेबलावर पोलिश, तुर्की, रुमानियन, ग्रीक अशा चार भाषा. जेवण, आंघोळ आणि मग झोप. केबिन बहुधा वाटून घ्यायची असते. वरच्या फळीवर कोण घोरते आहे ते माहीत नसते. खाली जहाजाचे इंजिन घरघरत असते, समुद्र खवळला तर साखळ्यांची करकर सुरू होते आणि एखाद्या मोटारीचा चोरघंटा हलण्यामुळे वाजू लागतो. पहाटे ध्वनिक्षेपकावर सूचना होते आणि सगळे पुन्हा खाली धावतात.

या झोपेला कायद्याच्या दृष्टीने मोठी किंमत आहे. युरोपीय संघात ड्रायव्हरने दररोज साधारणपणे सलग ११ तास विश्रांती घेतलीच पाहिजे असा नियम आहे. त्याने ती घेतली की नाही हे सांगणारा साक्षीदार म्हणजे टॅकोग्राफ. युरोपात १९७० पासूनच्या नियमांनी हे यंत्र ट्रकमध्ये आले. पूर्वी त्यात मेणाचा थर दिलेली कागदी चकती असे. ती २४ तासांत एक फेरा पूर्ण करी आणि बारीक सुया तिच्यावर वेग, अंतर व काम-विश्रांतीच्या वेळा कोरत. २००६ पासून नव्या वाहनांत तिची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली. बोटीवरच्या रात्रीसाठी कायद्यात खास कलम आहे. बोटीत चढण्या-उतरण्यासाठी ही विश्रांती फार तर दोनदा आणि एकूण एका तासाहून कमी-अधिक नव्हे तर एका तासापर्यंतच मोडता येते. मात्र ड्रायव्हरला आडवे व्हायला बर्थ किंवा केबिन मिळाली पाहिजे.

मालकाच्या दृष्टीने पाहा. ड्रायव्हर झोपतो आणि त्याच वेळी माल शेकडो किलोमीटर पुढे जातो. रात्रीच्या फेरीबोटीचा सगळा धंदा या एका सोयीवर उभा आहे.

रणगाड्यांची बोट

ही सोय आली कुठून? चाकांसकट वाहने बोटीत घालण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये फर्थ ऑफ फोर्थ या खाडीवर पूल नव्हता. तिथे १८५० साली 'लेव्हायथन' नावाची बोट रेल्वेच्या वाघिणी घेऊन ये-जा करू लागली. खरी अडचण बोटीची नव्हती, धक्क्याची होती. भरती-ओहोटीने बोट वर-खाली होते, मग रूळ जुळायचे कसे? टॉमस बाउच या अभियंत्याने त्यासाठी वर-खाली सरकणारा उतरता पूल योजला. (पुढे टे नदीवरचा पूलही त्यानेच बांधला. तो १८७९ साली वादळात आगगाडीसह कोसळला.)

तरीही ट्रक बोटीत घालण्याची खरी सुरुवात दुसऱ्या महायुद्धातून झाली. बंदर नसलेल्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवण्यासाठी नाकाला दार असलेली जहाजे बांधली गेली. युद्ध संपले आणि ती रिकामी पडली. फ्रँक बस्टर्ड या इंग्रज गृहस्थाने अशी तीन जहाजे नौदलाकडून भाड्याने घेतली आणि १९४६ साली टिलबरी ते रॉटरडॅम वाहतूक सुरू केली. सुरुवातीची गिऱ्हाइके लष्करी वाहने होती. १९४८ मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन ते उत्तर आयर्लंडमधील लार्न ही सेवा सुरू झाली आणि साधे व्यापारी ट्रक बोटीत चढू लागले. ज्या मालाच्या चढ-उतारासाठी जहाज दिवसचे दिवस धक्क्याला अडकून पडे, तो आता दोन-तीन तासांत हलू लागला.

पण ही सोय एका अटीवर मिळाली होती. ती अट समजून घ्यायला आपल्याला थोडे भौतिकशास्त्र लागेल.

परातीतले पाणी

पाण्याने भरलेली परात उचलून चार पावले चालून पाहा. जरा हात कलला की सगळे पाणी त्या बाजूला धावते आणि परात आणखी कलते. तेच पाणी दहा पेल्यांत भरून परातीत ठेवा. वजन तेवढेच, किंबहुना जास्त, पण परात आता हातात राहते. फरक वजनाचा नाही, पाण्याला पळायला मिळणाऱ्या मोकळ्या पृष्ठभागाचा आहे.

जहाज सरळ का राहते? त्याचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल वर ढकलते आणि ते, जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून काम करते. जहाज उजवीकडे कलले की उजवी बाजू पाण्यात जास्त बुडते, त्यामुळे वर ढकलणाऱ्या बलाची रेषा उजवीकडे सरकते आणि जहाजाला पुन्हा सरळ करते. जहाज जेवढे रुंद तेवढे हे सरकणे मोठे. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गोष्ट 'मेटासेंटर' या बिंदूच्या साहाय्याने गणितात मांडली. आजही जहाजबांधणीचा विद्यार्थी हेच गणित प्रथम शिकतो.

आता जहाजाच्या आत पाणी मोकळे आहे असे समजा. जहाज उजवीकडे कलले की आतले पाणीही उजवीकडे धावते. म्हणजे वजनाची रेषासुद्धा उजवीकडे सरकते. जे बल जहाजाला सरळ करणार होते त्याचा फायदा आतले पाणी खाऊन टाकते. किती खाते? ते मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. २० मीटर रुंदीचा डेक घ्या. २० चा घन ८०००. मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत घातली तर १० मीटरचे दोन भाग होतात. १० चा घन १०००, दोघांचे मिळून २०००. एका भिंतीने धोका चौथ्या हिश्शावर आला. तीन भिंती घालून चार भाग केले तर ५ चा घन १२५, चारांचे मिळून ५००, म्हणजे सोळावा हिस्सा. म्हणूनच इंधन किंवा पाणी नेणारी जहाजे टाक्यांत विभागलेली असतात.

आम्ही मुलांना हा प्रयोग करायला सांगतो. सुमारे २० सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद, उभ्या कडांचा हलका प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्याच्या मध्यभागी ५-६ सेंटिमीटर उंचीचा लहान पेला उपडा चिकटवा आणि पेल्यावर शंभरेक ग्रॅमचे कुलूप पक्के बसवा. डबा बादलीतल्या पाण्यात सोडा. तो छान सरळ तरंगतो, बोटाने ढकलला तरी परत सरळ होतो. आता डब्यात हळूहळू पाणी ओता. दोनशे-तीनशे मिलिलिटरच्या आसपास डबा एका बाजूला कलून तसाच राहतो किंवा उलटतो. पाणी काढून टाका, पेल्याच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या मळणमातीने घट्ट बसवा आणि तेवढेच पाणी तिन्ही कप्प्यांत सारख्या पातळीवर ओता. डबा आता सरळ राहतो. पाणी ओतताना मुलांना आधी अंदाज लिहायला लावावा. बहुतेकांचा अंदाज 'वजन वाढल्याने बुडेल' असा असतो, आणि डबा बुडत नाही तर कलतो हे पाहून त्यांना नवल वाटते.

आता अट लक्षात येईल. साध्या मालवाहू जहाजाच्या पोटात जलाभेद्य भिंती असतात. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहतात. रो-रो बोटीच्या वाहन-डेकवर अशा भिंती घालता येत नाहीत, कारण मग ट्रक आत जाणार कसा आणि बाहेर पडणार कसा? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा डेक हीच तर सोय. आणि हाच मोकळा डेक ही त्या जहाजाची दुखरी जागा. १२० मीटर लांब आणि २० मीटर रुंद डेकवर केवळ १० सेंटिमीटर पाणी साचले तर ते २४० टन भरते. सहा भरलेले ट्रक साखळ्यांविना एकदम एका बाजूला घसरले तर जे होईल तेच हे पाणी करते.

चार दुर्घटना

याची पहिली मोठी सूचना १९५३ साली मिळाली. ३१ जानेवारीच्या वादळात स्कॉटलंडहून लार्नकडे निघालेल्या 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' या बोटीची मागची दारे लाटांनी मोडली, वाहन-डेकवर पाणी आले, ते लवकर बाहेर पडेना. १३० हून अधिक माणसे गेली. तरीही पुढची तीस वर्षे बोटी मोठ्या होत गेल्या, डेक मोकळेच राहिले.

६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी बेल्जियममधील झीब्रुगे बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही बोट डोव्हरकडे निघाली. तिच्या पुढच्या बाजूची दारे उघडीच राहिली होती. दारे बंद करणारा खलाशी विश्रांतीच्या वेळेत झोपी गेला होता. दारे बंद झाली की नाही हे कॅप्टनला कळण्यासाठी त्याच्या खोलीत साधा दिवाही नव्हता. असा दिवा बसवावा अशी मागणी काही कॅप्टनांनी कंपनीकडे पूर्वीच केली होती, ती मानली गेली नव्हती. झीब्रुगेचा उतरता पूल या बोटीच्या वरच्या डेकला नीट पोहोचत नसल्यामुळे पुढच्या टाक्यांत पाणी भरून नाक खाली केले होते आणि ते पाणी अजून पुरते काढलेले नव्हते. बोटीने वेग घेतला, नाकाकडची लाट चढली आणि पाणी डेकवर घुसले. शेवटच्या दीडेक मिनिटात बोट आडवी झाली. १९३ माणसे मेली. डेकवर ४० हून अधिक ट्रक होते आणि मृतांत ट्रकचालकही होते. चौकशी अहवालाने दोष एका खलाशावर ठेवला नाही. कंपनीचा वरपासून खालपर्यंतचा कारभार ढिला होता असे स्पष्ट म्हटले.

पुढच्या दोन दुर्घटना रात्रीच्या आहेत. १३ जानेवारी १९९३ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास पोलंडमधील श्फिनोउइश्चे बंदरातून 'यान हेवेलिउश' ही बोट स्वीडनमधील इस्तादकडे निघाली. जहाजाला नाव एका खगोलशास्त्रज्ञाचे होते. गडान्स्कचा हेवेलिउस, १६४७ साली त्याने चंद्राच्या नकाशांचा प्रसिद्ध ग्रंथ छापला होता. त्या बोटीच्या जुळ्या बहिणीचे नाव होते 'मिकोलाय कोपेर्निक', म्हणजे आपला कोपर्निकस. नावे थोर असली तरी हेवेलिउशची तब्येत ठीक नव्हती. १९८६ साली एका शीतट्रकपासून लागलेल्या आगीनंतर दुरुस्तीत तिच्या वरच्या भागात अनेक टन काँक्रीट ओतले गेले होते. आपल्या प्रयोगातले उपड्या पेल्यावरचे कुलूप आठवा: वजन वर चढले की स्थैर्य घटते. काही दिवसांपूर्वीच धक्क्याला आपटून तिचे मागचे दारही दुखावले होते आणि त्याची तात्पुरती दुरुस्ती केलेली होती.

त्या रात्री बाल्टिकवर चक्रीवादळाच्या वेगाचा वारा होता. बोटीत २८ ट्रक आणि रेल्वेच्या १० वाघिणी होत्या. पहाटे बोट कलली, सामान सुटले आणि पाचच्या सुमारास ती रूगेन बेटाजवळ उलटली. पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या जरासेच वर होते. इतक्या थंड पाण्यात काही मिनिटांतच हाताची बोटे काम करेनाशी होतात. दोरी धरता येत नाही. ५५ माणसे मेली. प्रवासी मुख्यतः ट्रकचालक होते, काहींच्या बरोबर बायका-मुले होती. एकही प्रवासी वाचला नाही. वाचलेले नऊही जण जहाजाचे कर्मचारी होते.

देशातल्या चौकशीने दोषाचा मोठा वाटा मृत कॅप्टनवर टाकला. बुडालेल्या खलाशांच्या नातेवाइकांनी हे मानले नाही. ते थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २००५ साली त्या न्यायालयाने निकाल दिला की, ज्या सागरी न्यायमंडळांनी ही चौकशी केली ती निःपक्षपाती मानता येत नाहीत. दुर्घटनेला तोवर बारा वर्षे झाली होती.

२८ सप्टेंबर १९९४. टॅलिनहून स्टॉकहोमकडे जाणारी 'एस्टोनिया'. या बोटीच्या नाकावर वर उचलले जाणारे एक जड झाकण होते. रात्री एकच्या सुमारास लाटांच्या माऱ्याने त्याची कुलपे तुटली. झाकण पडताना आतला उतरता पूलही ओढला गेला. मोकळ्या डेकवर पाणी आले. साधारण अर्ध्या तासात जहाज इतके कलले की जिने चढता येईनात. काही केबिन तर वाहन-डेकच्याही खाली होत्या. दोनच्या आत जहाज नाहीसे झाले. ९८९ माणसांपैकी १३७ वाचली, ८५२ गेली. २०२० साली एका माहितीपटात जहाजाच्या बाजूला भोक दिसल्यावर पुन्हा तपासणी झाली. २०२३ च्या अंतरिम अहवालात टक्कर किंवा स्फोट झाल्याचा पुरावा आढळला नसल्याचे म्हटले आहे. ती हानी समुद्रतळावरील खडकामुळे झाली असावी असा निष्कर्ष आहे.

नियम कसे आले

या प्रत्येक दुर्घटनेमागून नियम आले. हेरल्डनंतर १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत दुरुस्ती झाली आणि दारांच्या स्थितीचे दिवे कॅप्टनपुढे बसवणे सक्तीचे झाले. काही रुपयांचा दिवा, पण त्यासाठी १९३ माणसे जावी लागली. जहाज किती सुरक्षित याची जबाबदारी किनाऱ्यावरच्या कंपनीचीही आहे हे सांगणारी संहिता १९९३ मध्ये संमत झाली आणि प्रवासी जहाजांना १९९८ पासून लागू झाली. एस्टोनियानंतर १९९६ मध्ये उत्तर युरोपातील काही देशांनी स्टॉकहोम करार केला. त्यानुसार, समुद्राच्या त्या भागात लाटा जशा असतील त्यानुसार, वाहन-डेकवर ५० सेंटिमीटरपर्यंत पाणी साचले तरी जहाज तगले पाहिजे. परातीतल्या पाण्याचा मुद्दा कायद्यात अशा स्पष्ट आकड्याने यायला पहिल्या सूचनेनंतर ४३ वर्षे लागली.

नियमांत माणसांची मोजणीही असते आणि ती कधीकधी विचार करायला लावते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ हून अधिक प्रवासी नेणारे जहाज 'प्रवासी जहाज' ठरते आणि त्याला जास्त कडक नियम लागतात. त्यामुळे निव्वळ मालवाहू फेरीबोटी पुष्कळदा १२ ड्रायव्हरांवरच थांबतात. बाकीचे ट्रेलर ड्रायव्हरविना जातात. बारावा ड्रायव्हर आणि तेरावा ड्रायव्हर यांच्या जिवात फरक नाही, पण जहाजाच्या बांधणीत पडतो.

झोपायचे कुठे?

पाण्याचा प्रश्न बराचसा सुटला असला तरी आगीचा सुटलेला नाही. आणि इथे ड्रायव्हर पुन्हा मध्यभागी येतो. जहाज चालू असताना बंद वाहन-डेकवर कुणी थांबू नये असा नियम आहे. कारण सरळ आहे: तिथे आग लागली तर धूर कोंडतो, ट्रकांमधल्या फटींतून वाट सापडत नाही आणि आग विझवण्यासाठी सोडलेल्या वायूने माणूसही गुदमरू शकतो. मोकळा डेक पाण्याला जसा अडवत नाही तसा आगीलाही अडवत नाही. दोन्हींचे मूळ एकच.

तरीही ड्रायव्हर ट्रकमध्ये झोपतात. का? ट्रकच्या केबिनमधले अंथरूण स्वतःचे असते. वर चार अनोळखी माणसांत झोप लागेलच असे नाही. डिझेल आणि मालाची काळजी असते. आणि कधीकधी वर पुरेशा जागाच नसतात. १८ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे ग्रीसमधील इगुमेनित्साहून इटलीतील ब्रिंडिसीकडे निघालेल्या 'युरोफेरी ऑलिंपिया' या बोटीला कॉर्फू बेटाच्या उत्तरेस आग लागली. बोटीत २९० च्या आसपास माणसे आणि दीडशेहून अधिक ट्रक व ट्रेलर होते. ११ माणसे मेली, बहुतेक ट्रकचालक. वाचलेल्या काही चालकांनी पत्रकारांना सांगितले की केबिनमध्ये गर्दी असल्याने अनेक जण ट्रकमध्येच झोपत. दोन दिवसांनंतर बेलारूसचा एक तरुण ड्रायव्हर जहाजाच्या मागच्या भागात जिवंत सापडला. यादीत नावच नसलेली दोन माणसेही जहाजावर होती.

'नियम मोडला म्हणून मेले' असे म्हणून इथे थांबता येईल. पण हेरल्डच्या चौकशीने जी पद्धत शिकवली ती वेगळी आहे. झोपी गेलेला खलाशी दिसला तेव्हा त्या चौकशीने पुढचा प्रश्न विचारला: दार बंद झाले की नाही हे दुसऱ्या कुणालाच कळू नये अशी व्यवस्था कुणी केली? तसाच प्रश्न ट्रकमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरबद्दल विचारायला हवा. कायदा त्याला बर्थ द्यायला सांगतो. तो बर्थ खरोखर होता का? झोप येण्याजोगा होता का? डेकवर कुणी उरले नाही हे पाहायला कुणी फेरी मारली का? २०२० मध्ये युरोपीय संघाने नियम बदलले आणि लांब पल्ल्याच्या बोटीवरची झोप काही अटींवर आठवड्याच्या विश्रांतीतही धरायला मुभा दिली. त्यासाठी प्रवास आठ तासांचा तरी असावा आणि ड्रायव्हरला झोपायची केबिन मिळावी अशी अट आहे. म्हणजे या झोपेवर आता आणखी जास्त भार पडला आहे.

वर्गासाठी

शिक्षकांना या विषयाचा वर्गात दोन प्रकारे उपयोग करता येईल. एक म्हणजे डब्याचा प्रयोग आणि घनाचे गणित. ते करून झाल्यावर मुलांना विचारावे की दुधाच्या किंवा पेट्रोलच्या टँकरमध्ये हाच प्रश्न येतो का? पेट्रोलच्या टँकरच्या आत कप्पे असतात. दुधाचा टँकर आतून धुवायचा असल्याने तो बहुधा मोकळा ठेवतात. मग अर्धा भरलेला दुधाचा टँकर घाटाच्या वळणावर कसा वागेल? वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील किंवा काका टँकर चालवत असतील. त्यांना एक तास वर्गात बोलवावे. अर्धा टँकर आणि पूर्ण टँकर यांतला फरक त्यांना स्टिअरिंगवर हाताने कळलेला असतो, आणि पुस्तकातल्या सूत्राशी तो जुळतो का हे मुलांनी तपासावे.

दुसरा उपयोग त्याच तासात आपोआप होईल. भारतात मोटार वाहतूक कामगारांच्या कामाचे तास ठरवणारा कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास. आलेल्या पाहुण्याला मुलांनी विचारावे : तुम्ही किती तास चालवता? रात्री कुठे झोपता? झोपलात हे कोण लिहून ठेवते? मिळालेली उत्तरे वहीत लिहावीत आणि कायद्याच्या शेजारी मांडून पाहावीत.